जहाज पहिल्यांदाच हुगळीतून कोलकात्याला चाललंय: काय तयारी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी एका जनरल कार्गो जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. आजवर मुंद्रा, न्हावाशेवा, कोलंबो, सिंगापूर हीच बंदरं केली. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच कोलकाता आहे. नदीतल्या बंदराचे नियम वेगळे असतात का? पॅसेज प्लॅन (जहाजाच्या वाटेचा आराखडा) करताना नेमकं काय बघू?"

नियमांची पुस्तकं तीच. सोलास (सुरक्षा), मार्पोल (प्रदूषण), कोलरेग (टक्कर टाळणं), लोडलाइन (भाराची मर्यादा), सगळं तुझ्या ब्रिजवरच्या कपाटात आहेच. फरक इतकाच की उघड्या समुद्रात ज्या गोष्टी आपण चेकलिस्टवर टिक मारून सोडतो, त्यातली प्रत्येक गोष्ट हुगळीत खरोखर कामाला येते. मी या नदीत थर्ड मेट, चीफ मेट आणि शेवटी कॅप्टन अशा तिन्ही नात्यांनी गेलो. दरवेळी वर पोचलो की अंग आंबून गेलेलं असायचं.

आधी अंतर डोक्यात बसव. मुंबईत पायलट (बंदरात वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) चढला की दीड-दोन तासांत धक्का. इथे नदीच्या मुखाबाहेरच्या सँडहेड्सपासून, जिथे पायलट चढतो, कोलकात्याच्या डॉकपर्यंत सुमारे २२० किलोमीटर. त्यातले साधारण ७५ समुद्राच्या बाजूचे आणि बाकीची नदी. हल्दिया खालच्या अंगाला आहे, तिथलं अंतर जवळपास निम्मं. एका भरतीत वर पोचता आलं नाही तर मध्ये कल्पीला किंवा डायमंड हार्बरला नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायची. म्हणजे पॅसेज प्लॅनमध्ये थांबायच्या जागा, तिथला प्रवाह आणि परत फिरता न येण्याचे टप्पे आधीच लिहिलेले हवेत.

आता मुख्य गोष्ट, ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसतं ते. कोलकात्याला सात मीटरच्या अलीकडे-पलीकडे ड्राफ्ट मिळतो, तोही भरतीच्या जोरावर. वाटेत ऑकलंड, बलारी, फलता, मोयापूर, रॉयपूर असे एकामागून एक गाळाचे बार, म्हणजे उथळ पट्टे, आहेत. त्यातल्या सर्वांत उथळ बारावर त्या दिवशी, त्या तासाला किती पाणी, यावर तुझा ड्राफ्ट ठरतो. बंदर तारखेनुसार ड्राफ्टचा अंदाज आधीच जाहीर करतं. एजंटकडून तो मागवून घे आणि माल भरायच्या बंदरातच चीफ मेटच्या टेबलावर ठेव. नकाशावरच्या खोलीवर विसंबू नकोस. गाळ सरकतो, बोये हलवले जातात, बंदराची सर्व्हेची माणसं सतत नदी मोजत असतात. नदीत पाण्याचा रेटा राहावा आणि गाळ वाहून जावा म्हणून गंगेवर फराक्का बंधारा बांधला, तो १९७५ साली सुरू झाला. तरी ड्रेजर काही नदीतून हटले नाहीत.

कोकणातल्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही. धरमतरच्या खाडीत बार्ज नेणारा तांडेल उधाण आणि भांग बघूनच माल भरतो. भांगाच्या दिवसांत भरती फारशी चढत नाही, त्यामुळे तेव्हा तेच जहाज कमी मालात न्यावं लागतं. हुगळीत हेच गणित मोठ्या आकड्यांत आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पॅसेज प्लॅनमध्ये चंद्राच्या तिथीला इतकी किंमत दुसऱ्या फार थोड्या बंदरांत असेल.

त्यात गोड्या पाण्याची भानगड. सागर बेटापाशी पाणी खारट असतं, कोलकात्याला जवळपास गोडं. गोड्या पाण्यात जहाज जास्त बसतं. समजा तुझं विस्थापन (जहाजाचं मालासकट वजन) १६,००० टन आणि टीपीसी (एक सेंटिमीटर जास्त बसायला लागणारे टन) २५. सूत्र तुला पाठ असेल: विस्थापन भागिले (चार गुणिले टीपीसी). उत्तर १६० मिलिमीटर. समुद्रात ६.८० मीटर वाचलेला ड्राफ्ट वर पोचेपर्यंत ६.९६ झालेला असतो. बंदराने दिलेला आकडा कोणत्या पाण्यातला आहे, हे एजंटला लेखी विचार. तोंडी "सगळं ठीक आहे, साहेब" चालणार नाही.

मग स्क्वॉट. उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज खाली बसतं. ब्लॉक कोइफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ, तो आकडा) ०.७५ असलेल्या जहाजाला १० नॉटला मोकळ्या पाण्यात पाऊण मीटर, आणि अरुंद खाचेत (चिंचोळ्या जलमार्गात) त्याच्या दुप्पट, म्हणजे दीड मीटर स्क्वॉट धरायचा. हाच वेग ७ नॉटवर आणला तर अरुंद खाचेतही पाऊण मीटरच्या आत येतो. स्क्वॉट वेगाच्या वर्गाने वाढतो ना, म्हणून वेग थोडा कमी केला तरी फायदा मोठा. पण इथे एक मेख आहे. हा वेग पाण्यातला धरायचा, जीपीएसवरचा नाही. भरतीचा चार-पाच नॉटचा प्रवाह पाठीशी असला की जीपीएस १२ दाखवतो आणि पाण्यातून आपण सात-आठनेच चाललेलो असतो. नवा ऑफिसर जीपीएस बघून घाबरतो. ओहोटीत नेमकं उलट होतं, आणि तेव्हा घाबरायला हवं तर तो निर्धास्त असतो.

कलण्याबद्दल एक माझी चूक सांगतो. मी नवा चीफ मेट. ड्राफ्ट पुढे-मागे सारखा करून दिला होता, मनात खूश होतो. पायलट ब्रिजवर आला, चहा नको म्हणाला, आणि पहिली नजर गेली ती कल दाखवणाऱ्या क्लिनोमीटरवर. काटा डाव्या अंगाला अर्धा अंश. एका बाजूच्या टाकीतलं गोडं पाणी वापरून झालं होतं आणि मी ते सारखं करून घेतलं नव्हतं. २२ मीटर रुंदीच्या जहाजाला अर्धा अंश म्हणजे एका बाजूला दहा सेंटिमीटर जास्त ड्राफ्ट. पायलटने शांतपणे विचारलं, "ये दस सेंटीमीटर कौन देगा?" पाणी पंप करून जहाज सरळ करेपर्यंत बारावरची वेळ हुकली आणि आम्ही बारा तास नांगरावर काढले. कॅप्टन मला ओरडला नाही. त्याने फक्त लॉगबुकात नीट अक्षरात कारण लिहिलं, आणि ते मला जास्त लागलं.

पायलट घेणं इथे सक्तीचं आहे. १९०८च्या भारतीय बंदर कायद्यात २०० टन आणि त्यावरच्या जहाजांना पायलटेजच्या बंदरांत पायलट किंवा हार्बरमास्टरशिवाय हलता येत नव्हतं. २०२५मध्ये त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला, सक्ती मात्र गेलेली नाही. जुन्या कायद्यात आणखी एक वाक्य होतं, जे प्रत्येक कॅप्टनला माहीत असायला हवं: पायलट सक्तीचा होता म्हणून मालक किंवा कॅप्टन नुकसानीच्या जबाबदारीतून सुटत नाही. हुगळीचे पायलट फार जुन्या परंपरेचे आणि फार तयार असतात, पण जहाज तुमचं आहे. वॉचवरच्या ऑफिसरने पोझिशन लावायची, प्रत्येक हुकूम सुकाण्यापर्यंत (सुकाणू धरणाऱ्या माणसापर्यंत) नीट गेला का आणि सुकाणूचा काटा त्याच बाजूला वळला का हे बघायचं. पायलट बंगालीत वॉकीटॉकीवर बोलत असेल तर काय ठरलं ते अदबीने विचारायचं. माझ्या अनुभवात एकाही पायलटला त्याचा राग आला नाही.

पायलट चढतो ती शिडी ही मी कॅडेटला स्वतः दाखवायचो. सँडहेड्सला लाटा असतात, बोट वरखाली होते, रात्र असली तर बघायलाच नको. शिडीवर हे तपास: पायऱ्यांमधलं अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर आणि सगळ्या पायऱ्या आडव्या. खालून पाचवी पायरी स्प्रेडर (शिडी पिळू नये म्हणून असलेली लांब पायरी), लांबी किमान १.८ मीटर, आणि दोन स्प्रेडरमध्ये नऊपेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. पाण्यापासून चढायची उंची नऊ मीटरच्या वर असेल तर अकोमोडेशन लॅडर (जहाजाच्या बाजूची तिरकी शिडी) जोडायलाच हवी, तिचा कोन ४५ अंशांच्या आत. शिडी ओढून घ्यायचा दोर शेवटच्या स्प्रेडरच्या खाली बांधलेला दिसला तर तिथल्या तिथे सोडून पुन्हा बांध. तो खाली लोंबकळत राहिला की पायलट बोटीच्या कठड्यात अडकतो आणि शिडी झटका खाते. बाजूच्या दोरांची जाडी किमान १८ मिलिमीटर. हातात घेऊन पिळून बघ, आत काळं पडलं असेल तर शिडी बदल. शेजारी दिवा लागणारी लाइफबॉय, हीव्हिंग लाइन (फेकायचा बारीक दोर), पुरेसा उजेड, आणि एक जबाबदार ऑफिसर. बोसनला (खलाशांच्या मुकादमाला) एकट्याला सोडून वर यायचं नाही.

इंजिन रूमकडे तुझं काम नसलं तरी माहीत असू दे. अरुंद पाण्यात सुकाणूच्या दोन्ही मोटर चालू ठेवायच्या, हा सोलासचाच नियम आहे. बंदर सोडण्याआधी बारा तासांच्या आत स्टीअरिंगची चाचणी, हाही. आत येतानासुद्धा सँडहेड्सच्या आधी ती करून घे. सुकाणू ३५ अंश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत यायला हवा. तो आकडा जहाज भरलेलं आणि पूर्ण वेगात असतानाचा आहे, पण उभ्या जहाजावरही एका मोटरवर वेळ घेऊन ठेव. पूर्वीपेक्षा वाढलेली दिसली तर इंजिनिअरला लगेच सांग.

आणि गाळ. समुद्राचं पाणी आत घेणारी खालची झडप बंद करून वरची उघडायची, नाहीतर तळाचा चिखल थेट कूलरमध्ये. एकदा आमच्या चीफ इंजिनिअरने गाळणी उघडून त्यातला ओंजळभर गाळ ब्रिजवर आणून माझ्या समोर धरला. दह्यासारखा मऊ, राखाडी, बोटांतून निसटणारा. "हे तुझं इंजिन पितंय," म्हणाला. त्यानंतर नदीत असेपर्यंत दोन गाळण्यांपैकी एक कायम धुऊन तयार असायची. गोडं पाणी बनवायचं यंत्र किनाऱ्याजवळ येण्याआधीच बंद. बॅलास्ट (तोल राखायला टाकीत घ्यायचं पाणी) नदीत घ्यावा लागला तर टाकीच्या तळाशी गाळाचा थर बसणार हे धरून चाल, पुढे तो काढताना अख्खी फलटण लागते.

नांगर दोन्ही तयार, पुढे माणसं उभी, आणि नुसत्या नांगरावर विसंबायचं नाही म्हणून इंजिनही तयार. भरती-ओहोटी बदलताना जहाज नांगराभोवती फिरतं, त्या अर्ध्या तासात वॉचवरचा माणूस खिडकीशी हवा, चार्टरूममध्ये नको. रुतण्याची खरी भीती या नदीत वेगळी आहे. रूपनारायणच्या मुखाशी जेम्स अँड मेरी नावाची वाळू आहे, १६९४ साली तिथे बुडालेल्या जहाजावरून तिला ते नाव पडलं. ओहोटीत अशा वाळूवर जहाज टेकलं की प्रवाह एका अंगाची वाळू खणून काढतो आणि दुसऱ्या अंगाने ढकलत राहतो, त्यामुळे जहाज नुसतं अडकून बसत नाही, कलंडतं. म्हणूनच पायलट भरती चढत असताना बार ओलांडतात. चढत्या पाण्यात टेकलं तर पाणीच उचलून देतं.

बान ऐकला आहेस का? बंगालीत भरतीच्या उसळत येणाऱ्या भिंतीला बान म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राचं पाणी निमुळत्या नदीत घुसतं आणि पुढची कड उभी राहून वर धावते. मोठ्याला "षाँडाषाँडीर बान" म्हणतात, म्हणजे दोन वळूंच्या झुंजीसारखा. आधी आवाज येतो, दुरून मालगाडी पुलावरून जावी तसा. घाटावरची माणसं ओरडून एकमेकांना सांगतात, होडीवाले काठ सोडून मधल्या खोल पाण्यात जातात, कारण लाट फुटते ती काठाच्या उथळीवर. बंद दरवाजांच्या डॉकमध्ये तुला काही जाणवणार नाही. पण नदीतल्या जेटीला किंवा नांगरावर असशील तर बंदर आधी सूचना देतं. मग दोर दुप्पट करायचे, गँगवे उचलायचा, बाजूला बार्ज लागलेली असेल तर सोडायची, इंजिन तयार ठेवायचं, आणि कुणालाही शिडीवर किंवा कठड्याबाहेर रंगकामाला ठेवायचं नाही. बान काही मिनिटांत जातो, त्यामागून येणारा जोराचा प्रवाह मात्र बराच वेळ दोरांना ताणत राहतो.

वाहतुकीबद्दल: कोलरेगचा नववा नियम सांगतो की २० मीटरपेक्षा लहान आणि मासेमारीच्या बोटींनी खाचेत जाणाऱ्या जहाजाला अडवू नये. तो नियम तुला पाठ आहे, हिलसाच्या हंगामात जाळं टाकून बसलेल्या कोळ्याला नाही. पुढे दुर्बीण घेऊन माणूस ठेव. बांगलादेशात फ्लाय अॅश नेणारी लहान मालवाहू जहाजं सतत ये-जा करतात, खालपर्यंत भरलेली आणि रात्री अंधुक दिव्यांची. वळणावर एक लांब भोंगा द्यायचा, आणि उत्तर आलं तर पायलटला सांगायचं. काठ जवळ आला की जहाजाचं नाक काठापासून दूर ढकललं जातं आणि शेपूट काठाकडे ओढली जाते, सुकाण्याला हे आधीच सांगून ठेव म्हणजे तो अचानक जास्त सुकाणू देणार नाही.

सुकाण्यावरून आठवलं. आठ-दहा तास हाताने सुकाणू धरायचं तर एकच माणूस पुरत नाही. तासा-दोन तासांनी बदल ठेव. चोवीस तासांत दहा तास विश्रांती, त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा, हा एसटीसीडब्ल्यूचा (खलाशांच्या प्रशिक्षण आणि वॉचबद्दलच्या कराराचा) नियम नदीच्या खेपेत सर्वांत जास्त मोडतो आणि नंतर कागदावर सरळ केला जातो. तसं करू नकोस. कॅप्टनला आधीच सांगून वॉचचं वेळापत्रक नदीपुरतं बदलून घे, कारण वर पोचल्यावर लगेच लॉकचं (नदी आणि डॉकमधल्या दुहेरी दरवाजांच्या कप्प्याचं) काम असतं. लॉकमध्ये शिरताना दमलेल्या माणसाच्या हातून दोर सुटतो आणि बोटं जातात.

डॉकबद्दल थोडक्यात. खिदिरपूर डॉक १८९२चा, नेताजी सुभाष डॉक १९२०च्या दशकाच्या अखेरचा, दोन्हीकडे लॉकमधून आत जायचं. लॉकच्या मापात बसतं का ते एजंटकडे पक्कं कर, आणि जहाजाच्या अंगाबाहेर येणारं काही, डेविट (होडी सोडायचा आकडा), क्रेनचा हात, आत घेऊन बांध. आत गेल्यावर पाणी स्थिर, पण तिथेच निष्काळजीपणा होतो. मार्च २०२२मध्ये नेताजी सुभाष डॉकमध्ये कंटेनर भरता-भरता मरीन ट्रस्ट-०१ हे बांगलादेशी जहाज धक्क्यालाच कलंडलं. ना लाट, ना वारा. कंटेनरची वजनं, वरची-खालची मांडणी आणि टाक्यांमधलं अर्धं पाणी यांचा हिशेब प्रत्येक टप्प्यावर ताजा हवा, फक्त निघतानाचा नव्हे.

कागदपत्रं एजंट यादी पाठवेलच: सुरक्षेची आगाऊ सूचना, धोकादायक मालाची घोषणा, आरोग्याची घोषणा, पीतज्वराच्या लसीची पुस्तकं, क्रू लिस्ट. यातल्या एका कागदाकडे नीट बघ, तो म्हणजे बुडालेलं जहाज काढण्याच्या खर्चाचं विमा प्रमाणपत्र, नैरोबी करार २००७चं. नदीच्या बंदराला या कागदाची काळजी इतरांपेक्षा जास्त असते, कारण खाचेत एक जहाज आडवं झालं तर वरचं अख्खं बंदर बंद. कचरा, तेलकट पाणी, मैलापाणी यातलं काहीही बाहेर सोडायचं नाही, झडपांना सील लावून लॉगमध्ये वेळ लिही. दोरांना उंदरांच्या थाळ्या लाव, त्या बघायला माणूस येतो.

वादळाचा हंगाम असेल तर बंदराच्या इशारा खुणा १ ते ११ कोणत्या कशासाठी हे ब्रिजवर चिकटवून ठेव. ५ ऑक्टोबर १८६४च्या वादळात या नदीतली बहुतेक जहाजं साखळ्या तुटून एकमेकांवर आदळली होती.

निघतानाची एक गंमत सांगतो. लोडलाइन करारात नदीतल्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला दोन सवलती आहेत. गोड्या पाण्याची तर आहेच, शिवाय समुद्रापर्यंत जाताना जळणारं इंधन आणि खपणारं सामान इतक्या वजनाने जास्त भरायलाही परवानगी आहे. ऐकायला छान. हिशेब कर: १० टन इंधन, टीपीसी २५, म्हणजे चार मिलिमीटर. ड्राफ्टच्या आकड्यांवरची लाट यापेक्षा मोठी असते. पण परीक्षेत विचारतात, आणि एखादा चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) त्यावर वादही घालतो, म्हणून माहीत असू दे.

बाहेर पडताना नांगर वर येईल तेव्हा साखळीवर जोराचं पाणी मार. हुगळीचा चिखल चेन लॉकरमध्ये वाळला तर महिनाभराने तू आणि बोसन खुरपी घेऊन आत बसाल. आणि सँडहेड्सला पायलट उतरला की लगेच वेग वाढवू नकोस, आधी इंजिन रूमला फोन करून गाळण्या बघायला सांग.